यादीत उद्यमबागही घाला की ओ!



गेले काही दिवस आपल्या बेळगावकरांत एक चांगला विषय निघालाय. आपल्या भागातल्या पशुपक्ष्यांच्या, झाडाझुडपांच्या, पाणथळ जागांची यादी करायची आणि त्या जागांवर वर्षभर काय दिसतं ते आपणच लिहून ठेवायचं. जागा सुचवा म्हटल्यावर धडाधड नावं आली. भीमगड, चोर्ला, आंबोली, तिलारी, जांबोटी, गोकाकजवळचं घटप्रभा पक्षी अभयारण्य. एकानं तर दांडेलीपर्यंत मजल मारली. सगळी नावं चांगलीच आहेत, त्यात वाद नाही. खरं, त्यातली एकही जागा अशी नाही, जिथं आपण रोज जातो. म्हणून माझं मत जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: यादीत आधी रोजच्या जागा घाला. उद्यमबाग घाला, बळ्ळारी नाला घाला, शहापूर-वडगावचं शिवार घाला, आपल्या गल्लीतला पिंपळ घाला. भीमगड मागाहून घातला तरी चालतंय.

कारण सांगतो. भीमगडला २०११ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर केलं. १९० चौरस किलोमीटरचं रान आहे, वनखात्याची माणसं आहेत. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं ते रॉटनचं वटवाघूळ तर १९१३ पासून शास्त्रज्ञांच्या पुस्तकात आहे. आदल्या वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहणीत ते इथं सापडलं, आणि पुढं कितीतरी वर्षं जगात ते फक्त आपल्या खानापूर तालुक्यातच आहे अशी समजूत होती. म्हणजे भीमगडला नाव आहे, कागद आहे, राखणदार आहे. आपल्या रोजच्या जागांना यातलं काहीच नाही. आणि बदल सगळ्यात आधी होतो तो या बिनकागदी जागांवरच.

मी स्वतः उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये ३४ वर्षं काढली. आता निवृत्त आहे, घर मजगावात. उद्यमबाग म्हटलं की लोकांना फाउंड्रीचा धूर, लेथचा आवाज आणि तिसऱ्या गेटजवळची गर्दी एवढंच आठवतं. नावात 'बाग' आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. खरं, तिथं काय काय आहे ते सांगतो.

फाउंड्रीतली जळकी वाळू मागच्या मोकळ्या प्लॉटात टाकलेली असते. जुना ढीग पावसानं बसून घट्ट झाला की उन्हाळ्यात वेडे राघू त्यात बिळं करून अंडी घालतात. शेजारच्या खडीत टिटवी बसते. तिची अंडी आणि खडी यातला फरक दोन हातांवरूनही कळत नाही. शेडच्या तुळईवर गव्हाणी घुबडाचं बिऱ्हाड असायचं. रात्रपाळीची पोरं पहिल्यांदा घाबरायची, मग सवय व्हायची. उंदीर कमी असलेली शेड म्हटली की घुबडाची शेड, हे आमचं ठरलेलं. कंपाउंडच्या कडेच्या मोठ्या झाडांवर संध्याकाळी साळुंक्या एवढा कल्ला करायच्या, की पाळी सुटल्याचा भोंगा कमी पडावा. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेच्या खड्ड्यात बेडकांचा जो आवाज सुरू व्हायचा, त्यावरून आमचे फोरमन तात्या सांगायचे, "आता शिवारात पेरणीची गडबड सुरू झाली बघ."

हे सगळं कुठं लिहिलेलं आहे? कुठंच नाही. उद्या त्या प्लॉटवर नवी शेड उभी राहिली, तर वेडे राघू तिथं होते याचा पुरावा म्हणजे माझ्यासारख्या दोन-चार निवृत्त माणसांची आठवण. ती माणसं गेली की विषय संपला.

आणि आठवण किती फसवी असते याचं एक उदाहरण देतो. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. पन्नाशी-साठीतल्या कुणालाही विचारा, सांगतील. मग गिधाडं गेली. कारण पुढं कळलं. जनावरांना देत असलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, तोवर देशभरातली गिधाडं जवळजवळ संपली होती. आता मला सांगा, आपल्या वडगावात, अनगोळात, मजगावात शेवटचं गिधाड कुठल्या साली दिसलं? दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं येतात. एवढा मोठा पक्षी डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि त्याची तारीखही आपल्याकडं नाही.

नोंदीची किंमत इंग्रजांना कळली होती. कॅप्टन बटलर नावाचा एक लष्करी अधिकारी १८८० च्या आगेमागे आपल्या बेळगावात होता. फावल्या वेळात तो पक्ष्यांची घरटी बघायचा आणि लिहून ठेवायचा. कुठल्या झाडावर, किती तारखेला, अंडी किती. त्याच्या या नोंदी ॲलन ह्यूम यांच्या भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवरच्या पुस्तकात छापल्या गेल्या. त्याची दुसरी आवृत्ती १८८९-९० मध्ये निघाली आणि त्यात पानोपानी 'बेळगाव' हे नाव भेटतं. ह्यूम म्हणजे तेच, काँग्रेसच्या स्थापनेतले. त्यांच्या काँग्रेसचं १९२४ चं अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आपल्या टिळकवाडीत झालं, ते आपण अभिमानानं सांगतो. त्यांच्या पुस्तकात बेळगावची घरटी आहेत हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. एका परक्या माणसानं लिहून ठेवल्यामुळं एकशे चाळीस वर्षांपूर्वी इथं काय होतं ते आज कळतंय. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथले, घरंदारं इथली, शेती इथली. आपल्या नोंदी कुठं आहेत?

काही जण विचारतात, यादी करून होणार काय? बुलडोझर यादी वाचून थांबणार आहे का? बरोबर प्रश्न आहे. यादीनं बुलडोझर थांबत नाही. खरं, कागद नसेल तर हरकत घ्यायलाही काही उरत नाही. हलगा-मच्छे बायपासचं प्रकरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सुपीक जमिनीसाठी आपल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कोर्टकचेऱ्या केल्या. जमीन संपादनाच्या पंचनाम्यात काय मोजतात ते बघा. विहीर मोजतात, बोअर मोजतात, आंब्याची झाडं मोजतात, गोठा मोजतात. बांधावरचं सुगरणीचं झाड त्यात येत नाही. भात कापल्यावर ओलाव्यात उतरणारे बगळे, कुदळे, कांडेसर त्यात येत नाहीत. कारण ते कुणाच्याच मालकीचे नाहीत, आणि कुणी लिहून दिलेले नाहीत.

कायद्यात यासाठी जागा आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. त्या समितीचं मुख्य काम म्हणजे स्थानिक लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करणं. ज्येष्ठ शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या नोंदवहीची कल्पना पुढं आणली. यातला 'लोक' हा शब्द महत्त्वाचा. नोंदवही बाहेरच्या तज्ज्ञानं येऊन दोन दिवसांत भरून द्यायची नाही. कुठल्या ओढ्यात कुठला मासा मिळतो, कुठल्या बांधावर कुठली रानभाजी येते, हे तिथं राहणाऱ्यांनी सांगायचं. पुष्कळ ठिकाणी ती घाईघाईनं भरली गेली, कारण राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली होती. म्हणूनच आपल्याकडं व्यवस्थित नोंदी तयार असतील, तर आपल्या भागाच्या वहीत त्या घाला म्हणून अर्ज देता येतो. रिकाम्या हातानं गेलं तर "बघूया" म्हणून परत पाठवतात, नोंदी घेऊन गेलं तर निदान पोच तरी द्यावी लागते.

छोट्या जागेला मान मिळतो का? मिळतो. देशातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ आपल्याच राज्यात आहे, देवनहळ्ळीजवळचं नल्लूर, २००७ मध्ये जाहीर झालेलं. ते काय आहे? जुन्या चिंचांचं बन. दुसरं उदाहरण तर आपल्या शेजारचं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ महादेवाच्या मंदिराचं कुंड आहे. तिथं सापडलेल्या बोटभर माशाला २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती जागा वारसास्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती, तर दोन हेक्टरांच्या आसपास. हिरण्यकेशीचं तेच पाणी पुढं आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरला येतं आणि घटप्रभेला मिळतं. किती वर्षं लोक त्या कुंडाशी पाया पडून येत होते. मासा तिथंच होता. कुणीतरी थांबून बघितला, एवढाच फरक.

आता माझ्या जागा सांगतो. तुम्ही यात भर घाला.

एक, उद्यमबाग. वर सांगितलंच.

दोन, शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगावचं शिवार आणि त्यातून जाणारा बळ्ळारी नाला. आपला बेळगाव बासमती या शिवारातला. भात निघालं की मसूर, वाटाणा, हरभरा. पावसाळ्यात चिखलात बगळे, थंडी पडली की धोबी पक्षी शेपटी हलवत बांधावर हजर, जोंधळा भरला की भोरड्यांचे थवे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हेच शिवार पाण्याखाली गेलं होतं. नाला आज घाण आहे म्हणून यादीतून वगळू नका. घाण आहे म्हणूनच त्यात काय टिकलंय आणि काय गेलंय हे लिहिलं पाहिजे.

तीन, टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. देवीची लस तयार करण्यासाठी राखलेली ही जागा. देवीचा रोग जगातून गेला, ती झाडी मात्र शहराच्या मधोमध राहिली. सकाळी फिरायला जाणारे शेकड्यांनी आहेत. त्यातल्या चौघांनी जरी तांबट, हळद्या, भारद्वाज मोजले, तरी वर्षाची वही भरते.

चार, किल्ला तलाव आणि कणबर्गीचा तलाव. टिबुकली, पाणकावळा, हळदी-कुंकू बदक, खंड्या. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना असते, तेव्हा या दोन्हींची मोजणी व्हायलाच हवी.

पाच, येळ्ळूरचा राजहंसगड. सगळे बुरुजावर चढून फोटो काढतात. मी म्हणतो उतारावरचं गवत बघा. गवताळ जागेला आपल्याकडं 'पडीक' म्हणतात. चंडोल, तित्तर, ससा यांचं ते घर आहे.

सहा, कॅम्पातली जुनी झाडं. ऑगस्ट २०२२ आठवतोय ना? जाधवनगरात बिबट्या दिसला, मग तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. परिसरातल्या शाळा बंद झाल्या, शिवमोग्ग्याच्या सक्रेबैलहून हत्ती आणले, आणि बिबट्या काही हाती लागला नाही. तेव्हा साऱ्या बेळगावाला कळलं, की आपल्या शहरात बिबट्याला लपता येईल एवढी झाडी आहे. बिबट्या गेल्यावर त्या झाडीची आठवणही गेली.

सात, गावोगावच्या वेशीवरची देवस्थानं. गाऱ्हाणं घालतो, वार पाळतो, आणि देवाच्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. म्हणूनच तिथं जुने वड, पिंपळ टिकलेत. अलीकडं जीर्णोद्धार करताना सभामंडपासाठी आणि फरशीसाठी झाडं जातात. देवळाच्या पंचांनी रागावू नये, खरं, झाडाची नोंदही देवळाच्या वहीत असावी असं मला वाटतं.

आठ, आपल्या निपाणीकरांसाठी. जवाहर तलाव, स्तवनिधी घाटाचा उतार, वेदगंगेचा काठ. तंबाखूच्या शिवारात काय दिसतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता हरकतींकडं येतो. सर्वांत मोठी भीती शेतकऱ्यांची. "आमच्या शेताचं नाव यादीत गेलं, उद्या सरकार जमीन काढून घेईल." ही भीती उगाच नाही. आपल्या लोकांनी पुष्कळ सोसलंय. नोंदवहीत नाव आलं म्हणून जमिनीचा हक्क जात नाही, हे खरं. तरीसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या शेताचा सर्व्हे नंबर लिहायचा नाही, हा नियम आपण पाळूया. 'वडगाव शिवार' एवढं लिहिलं तरी पुरतं.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. जागा जाहीर केली की फोटोवाले येतात, आणि त्यांच्यामागून शिकारीही येतात. अमावास्येला घुबडाचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून घुबड, कासव, खवले मांजर, कुठलंही चालू घरटं, यांची नेमकी जागा उघड्यावर टाकायची नाही. वहीत लिहा, ग्रुपवर नको. घरट्याचे फोटो तर अजिबात नकोत.

तिसरी हरकत भाषेची. मोबाईलवरच्या ॲपमध्ये सगळं इंग्रजीत असतं आणि सरकारी कागद कन्नडमध्ये. माझं मत, आपली वही मराठीत असावी आणि शेजारी कन्नड नावाचा रकाना असावा. बगळ्याला कन्नडमध्ये बेळ्ळक्की म्हणतात, घुबडाला गूबे. शेजारच्या कन्नड काकांना विचारून लिहिलं तर त्यांनाही आनंद होईल आणि कागद कुठंही चालेल. शिवारांची, पाणंदींची, ओढ्यांची मराठी नावं मात्र जशीच्या तशी लिहा. ती सातबाऱ्यावर नाहीत, नकाशावर नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, तोवरच आहेत.

"आमच्या चिमण्या-साळुंक्यांचं कोण विचारतंय?" असंही एका वहिनींनी लिहिलं होतं. विचारतात, वहिनी. 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३ चा अहवाल तीस हजारांवर साध्या पक्षीप्रेमींनी ई-बर्डवर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तयार झाला. त्यातून कळलं, की दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ झपाट्यानं कमी होतोय. तारेवर रोज दिसणारा पक्षी म्हणून कुणी त्याची फिकीर केली नव्हती. रोजच्या पक्ष्याची रोज नोंद झाली, म्हणून ते उघड झालं.

करायचं काय ते सोपं आहे. साधी दोनशे पानी वही. जागा, तारीख, वेळ, काय दिसलं, किती, कुणी बघितलं. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहायचं. काहीच दिसलं नाही तर तसं लिहायचं, तीही नोंदच. आणि घरातल्या आजी-आजोबांना बसवून विचारायचं, नाल्यात खेकडे कधीपर्यंत मिळायचे, काजवे कुठल्या पाणंदीत असायचे. हे 'आठवण' म्हणून वेगळ्या पानावर लिहायचं, डोळ्यांनी बघितलेल्यात मिसळायचं नाही. पुण्या-बेंगळूरला, परदेशात असलेल्या पोरांनी हे काम फोनवरून करून घ्यावं. आजीला बोलायला विषय मिळेल.

तर मंडळी, कॉमेंटमध्ये आपापली एक जागा टाका. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आतली हवी, एवढीच अट. माझी नोंद मी टाकतो:

उद्यमबाग, मोकळा प्लॉट. रविवार, सकाळी साडेसात. टिटवी दोन, वेडा राघू पाच, साळुंकी अकरा, घार एक. नीलकंठ दिसला नाही.